बाजारात न मिळणाऱ्या भाज्या

ज्येष्ठ सरत आला की माळव्यातल्या जुन्या मराठी घरांतून दोन कामे हमखास निघतात. एक लोणच्याच्या कैऱ्या फोडण्याचे आणि दुसरे माळ्यावरची बियाण्याची गाडगी उतरवण्याचे. पहिल्या कामाविषयी लिहिणाऱ्या सुगरणी पुष्कळ आहेत. दुसऱ्याविषयी मात्र अलीकडे कोणी फारसे बोलत नाही. गाडगी उतरवणारे हातच कमी होत चालले आहेत. म्हणून या महिन्याचे हे पान आम्ही परसदाराला द्यावयाचे ठरवले आहे.

आमचे घर इंदूरच्या दक्षिणेस, राऊच्या अंगाला आहे. पूर्वजांनी घेतलेली जागा अर्ध्या बिघ्याची होती असे कागदपत्रे सांगतात. पुढे वाटण्या झाल्या, चुलत घराण्याने आपला भाग विकला, समोरचा रस्ता रुंद झाला, आणि आजमितीस स्वयंपाकघराच्या मागे उरली आहे ती ४० फूट लांब व २५ फूट रुंद अशी एक पट्टी. तिच्या पश्चिमेला चार मजली इमारत उभी राहिल्यापासून दुपारी तीननंतर ऊन मिळत नाही. विहीर केव्हाच बुजली. कूपनलिका आहे, ती चैत्रात दम टाकते. अशा हजार चौरस फुटांत आम्ही सात माणसे, म्हणजे शहाऐंशी वर्षांच्या आजींपासून सातवीतल्या नातीपर्यंत सारीजण, भाजी पिकवतो. पिकवतो म्हणजे घर त्यावर चालते असे कोणी समजू नये. निम्म्याहून अधिक भाजी ठेल्यावरूनच येते. प्रश्न एवढाच की उरलेली कोणती असावी.

या प्रश्नावर पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात चांगलीच वादावादी झाली होती. तरुण मंडळींचे म्हणणे असे की टोमॅटो लावावेत, फुलकोबी लावावी, बटाट्याचा एखादा वाफा करावा. केलेले दिसते, मोजता येते, चार पैसे वाचतात. आजींचे म्हणणे एका वाक्याचे होते. "जे दारावर ओरडत येते, ते परसात कशाला?" आणि विचार करता आम्हांस आजींचेच पटले. राऊ-महूचा हा सारा पट्टा बटाट्याचा. हिवाळा संपता संपता येथून ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातात. लसणाचे म्हणाल तर मंदसौर-नीमचच्या बाजारपेठा फार दूर नाहीत. अशा मुलखात चार हात जागेत बटाटे लावणे ही हौस झाली. हौसेला आमचा विरोध नाही, पण जागा थोडी असली म्हणजे हौसेलाही रांगेत उभे राहावे लागते.

मग ठेल्यावर काय येत नाही, याची यादी आम्ही एके रविवारी बसून केली. ती करताना लक्षात आले की ही यादी निम्मी भाज्यांची आणि निम्मी शब्दांची आहे. अळू मागितले की भाजीवाला अरबीचे कंद पुढे करतो. पानांना त्याच्या लेखी किंमत नाही. चाकवत म्हणजे त्याचा बथुआ, आणि तो गव्हातले तण म्हणून उपटून फेकावयाचा. आपण तो वाफा करून, राख मिसळून पेरतो, हे त्यास सांगितले तेव्हा तो आजींकडे दयेने पाहू लागला. घोसाळ्याला गिलकी, शेवग्याला सुरजना, घेवड्याला बालोर, मायाळूला पोई म्हटले की काही वस्तू निघतात, काही नाही. पडवळ निघत नाही. चुका निघत नाही. अंबाडी निमाडाकडच्या बाया कधीमधी आणतात, तिला त्या अमाडी म्हणतात. पण ती केव्हा येईल याचा नेम नाही, आणि ज्या दिवशी भाकरी व्हावयाची त्या दिवशी तर नाहीच.

बेळगावकर वाचकांना हे वाचून हसू येईल, कारण त्यांच्या बाजारात यातले जवळजवळ सगळे ढिगाने पडलेले असते. हैदराबादच्या मंडळींना अंबाडी गोंगुरा म्हणून आणि चुका चुक्का-कूर म्हणून कोपऱ्यावर मिळतो. बडोद्यात पात्रासाठी वडीची पाने मिळतात. तेव्हा आमची यादी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. प्रत्येक गावच्या घराने आपल्या बाजारात काय नाही ते पाहावे आणि तेवढेच परसात आणावे. ग्वाल्हेरची गोष्ट सर्वांत अवघड. तिथला उन्हाळा भाजतो आणि थंडी गोठवते. तिथल्या आमच्या आप्तांनी अळू जगवले आहे ते न्हाणीघराच्या भिंतीआड, निव्वळ जिद्दीवर.

या यादीची खरी परीक्षा वर्षातून एकदा होते, ती भाद्रपद शुद्ध पंचमीस. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही हा आपल्याकडचा जुना नेम. नांगराखालच्या शेतातले धान्य वर्ज्य, म्हणजे उरले ते हाताने खणून, हाताने लावून आलेले. पुराणातले कारण ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. पण नुसते व्यवहाराच्या नजरेने पाहिले तरी या नेमामागे परसबागेचा केवढा मोठा मान आहे! ऋषीच्या भाजीत काय पडते ते आठवून पाहा: अळूची पाने व देठ, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसे. पावसाळी परसाचे ते हजेरीपत्रकच आहे. माळव्यातल्या हिंदी भाषक शेजारणीही ऋषिपंचमी करतात, नांगरलेले तीही खात नाहीत, आणि मोरधनावर, म्हणजे आपल्या वरीच्या तांदळावर, दिवस काढतात. या एका दिवशी त्यांचे आमचे स्वयंपाकघर फार जवळ येते. दोन शेजारणी तर आता आमच्याकडचे अळू हक्काने नेतात.

तर हिशेब ऋषिपंचमीपासून उलटा मोजावयाचा. ती कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. पडवळ आणि दोडका यांना पेरल्यापासून पहिले फळ धरावयास दोन महिने लागतात, भेंडीला दीड, माठाला एक. माळव्यात मृग बहुधा कोरडाच जातो. खरा पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आर्द्रा लागता लागता येतो. पावसाची वाट पाहून वेल पेरले तर सण हुकण्याची भीती असते. म्हणून आम्ही ज्येष्ठातच वेलांची आळी करून, दोन झाऱ्या पाणी रोज घालून, त्यांना पावसाआधी दोन पानांवर आणून ठेवतो. पडवळाच्या बियांची साल जाड असते. त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्या लागतात, एरवी पंधरा पंधरा दिवस त्या मातीत झोपून राहतात.

काळ्या मातीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या सुना येथे पहिल्या पावसात चकित होतात. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पावसात पायाचे चपलेशी नाते तोडते. पाणी धरून ठेवणे हा तिचा गुण, आणि श्रावणात तोच तिचा दोष. मुळांभोवती पाणी साचले की मातीतली हवा कोंडते, आणि वेल बाहेरून हिरवागार दिसत असताना खालून कुजू लागतो. सपाट वाफा येथे पावसाळ्यात कामाचा नाही. फूटभर उंच वरंबे करून त्यांवर बी टोकावे, सऱ्यांतून पाणी वाहून जाऊ द्यावे, आणि त्या सऱ्यांचे तोंड अळवाकडे काढावे. अळवाला कितीही पाणी चालते.

आमच्याकडे अळू दोन जातींचे आहे. भाजीचे हिरव्या देठाचे, आणि वडीचे काळसर देठाचे, जाड पानाचे. दोन्ही मोरीच्या तोंडाशी लावलेली आहेत, आणि भांडी विसळल्याचे पाणी त्यांना बारा महिने मिळते. इंदूरला जे पाणी येते ते जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर उपसून आणलेले नर्मदेचे. ते उन्हाळ्यात नळीने मातीत सोडणे आमच्या जिवावर येते. तेच पाणी एकदा तांदूळ धुऊन मग अळवाला गेले की मनाला बरे वाटते. साबणाचे पाणी मात्र वेगळे काढावे. अळू खाजते याचे कारण त्याच्या पेशींत असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. आपल्या बायकांनी त्यात चिंच किंवा चुका घालावयाचा आणि भाजी भरपूर शिजवावयाची रीत पाडली ती उगीच नव्हे. फदफद्यात चुका पडला म्हणजे चिंच लागत नाही आणि चवही निराळीच येते. परंतु त्यासाठी चुका घरचा हवा, आणि तो हवा म्हणून आम्ही तो दोन हात जागेत पेरतो.

पडवळाविषयी आमच्या नातीला विचारावे. फळ बोटभर झाले की त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधण्याचे काम तिचे आहे. दगड नसला की पडवळ सापासारखे वेटोळे घेते आणि चिरताना जीव नकोसा होतो. पडवळाची पांढरी, कडांना झालर असलेली फुले दिवेलागणीला उमलतात. दोडक्याची पिवळी फुलेही संध्याकाळचीच. घोसाळ्याचे फूल मात्र पहाटेचे. दोडका आणि घोसाळे हे इतके जवळचे भाऊ की त्यांचा संकर होऊ शकतो. पण एकाने सकाळ आणि दुसऱ्याने संध्याकाळ वाटून घेतल्यामुळे एकाच मांडवावर चढूनही ते सहसा आपापल्या जागी राहतात. हे आम्हांस पुस्तकातून कळले खरे. आजी त्याआधीपासून सांगत होत्या की घोसाळ्याची फुले देवाला सकाळी काढावीत आणि दोडक्याची काढूच नयेत.

जमिनीला काय घालावे याचे उत्तर इंदूरकरांनी तरी दूर शोधू नये. कचऱ्यापासून खत करण्याची जी रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती याच शहरात सिद्ध झाली. १९२४ साली येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था निघाली. जमीन इंदूर दरबारने दिली. अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक १९३१ पर्यंत होते. त्या वर्षी 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हा त्यांचा ग्रंथ निघाला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर त्यांच्या जोडीला दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येते. वाडांचे नाव आपल्या लोकांनाही ठाऊक नसावे, ही आम्हांस खटकणारी गोष्ट वाटते. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे, आणि आपल्यापैकी शेकडो लोक त्याच्या कुंपणावरून रोज जातात. स्वतः हॉवर्ड आपले गुरू म्हणून येथल्या शेतकऱ्यांचे आणि पिकांवरच्या किडींचे नाव घेत. चीनमधल्या शेतकऱ्यांची शेकडो वर्षांची रीत त्यांनी वाचली होती, आणि येथल्या गोठ्यांत काय वाया जाते तेही पाहिले होते.

मूळ पद्धतीतले खड्डे तीस फूट लांबीचे होते. घरच्या परसाला चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि दोन फूट खोल एवढा पुरतो. तळाशी तुरीच्या काड्या किंवा जाड काटक्या. त्यावर वाळका पाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचा वीतभर थर. त्यावर शेणाचा पातळ काला, मूठभर चुलीची राख आणि गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती. पुन्हा पाचोळा. असे करत खड्डा भरावा, ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावी, आणि मधून दोन-तीन वेळा सगळे उलथेपालथे करावे, म्हणजे हवा आत जाते. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचे खत हाती येते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग करावा. शेण आम्ही जवळच्या एका गोठ्यातून आणतो. गायी घरी असण्याचे दिवस गेले. शहर २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सलग कित्येक वर्षे पहिले आल्यामुळे कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस फार दक्ष झाला आहे. आमच्याकडून ओला कचरा येत नाही, याचा त्याला पहिल्या महिन्यात संशय आला होता. त्यास खड्डा दाखवावा लागला.

आता गाडग्यांकडे वळू, कारण वरचे सगळे ज्यासाठी ते त्यांत आहे. पडवळ, वडीचे अळू, चुका, आणि आमच्या घरचा घेवडा यांपैकी एकाचेही बियाणे येथल्या दुकानात खात्रीने मिळत नाही. मिळाले तर ते बहुधा संकरित असते. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे छापलेले असल्यास त्याचे फळ जरूर खावे, पण त्याचे बी धरू नये. दुसऱ्या वर्षी ते आपल्या आईबापांपैकी कोणावर जाईल ते सांगता येत नाही. बियाणे धरावयाचे ते जुन्या, सरळ जातीचे. वेलावरचे पहिले किंवा दुसरे उत्तम फळ त्यासाठी राखून, त्याला रंगीत दोरा बांधून ठेवावा. घरात सर्वांना सांगावे, नाहीतर एखादा उत्साही हात ते तोडून मोकळा होतो. पडवळ नारिंगी होऊन मऊ पडेपर्यंत वेलावर राहू द्यावे. आतल्या तांबड्या गरातून बिया काढून, धुऊन, सावलीत सुपात वाळवाव्या. घोसाळे तर वेलावरच वाळते, आणि टोकाचे झाकण मोडून उलटे धरले की बिया खुळखुळत बाहेर पडतात. उरलेला जाळीचा सांगाडा आंघोळीला घ्यावा.

दुधीच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना आहे आणि ती आम्ही ठासून सांगतो. बियाण्यासाठी असो की भाजीसाठी, दुधीचा कच्चा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि तो दुधी टाकून द्यावा. त्यातला कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. शिजवल्याने तो जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने माणसे दगावलेली आहेत. कडू फळाचे बी अर्थातच धरू नये.

वाळलेले बी दाताखाली धरले असता कटकन फुटावे. दात रुतला तर आणखी दोन दिवस हवेत. मग ते चाळलेल्या राखेत घोळून, वर कडुनिंबाची वाळकी पाने घालून, गाडग्यात किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. राखेने भुंगेरा लागत नाही आणि उरलीसुरली ओलही शोषली जाते. नीट ठेवले तर वेलभाज्यांचे बी चार वर्षे तरी चालते, घेवड्याचे तीन. भेंडीचे दुसऱ्या वर्षानंतर मंदावते, आणि कांद्याच्या बियांचा दुसऱ्या वर्षी भरवसा धरू नये. ज्येष्ठात गाडगे उतरवले की प्रत्येकातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहावे. सातांहून अधिक मोडले तर निश्चिंतपणे पेरावे. चार-पाचच मोडले तर दुप्पट पेरावे, आणि त्या वर्षी बियाण्यासाठी अधिक फळे राखावी. त्याहून कमी निघाले तर ते बियाणे जाण्याच्या वाटेवर आहे असे समजावे.

आमचा घेवडा असाच गेला होता. हा श्रावणघेवडा नव्हे. हा वालाच्या जातीचा, चपट्या शेंगांचा, कडेला जांभळी रेघ असलेला. दिवस लहान होऊ लागल्याखेरीज तो फुलतच नाही. ज्येष्ठात पेरा की श्रावणात, फुले शरद सरतानाच येतात आणि शेंगा मार्गशीर्ष-पौषात. माळव्यात त्या दिवसांत एखाद्या रात्री पाला पडतो. अशा संध्याकाळी वरंब्याला पाणी देऊन कडेला धूर करतात; तेवढ्याने वेल बहुधा वाचतो. परंतु तीन वर्षांपूर्वी शेंगा वाळत आल्या असता चार दिवस अवेळी पाऊस लागून राहिला. बियाण्यासाठी ठेवलेल्या शेंगा वेलावरच काळ्या पडल्या, काहींत दाणे शेंगेतच मोडले. आदल्या वर्षी पाल्याने वेल जळाला होता, म्हणून गाडग्यात जुने उरले होते तेवढेच. फडक्यात दहा घातले, एकही मोडला नाही. आजी दोन दिवस त्याविषयी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजून सांगितले की हा घेवडा त्यांच्या सासूबाई लग्नानंतर माहेराहून घेऊन आल्या होत्या, म्हणजे तो या घरात शंभरांहून अधिक वर्षे होता.

तो परत आला बडोद्याहून. आमची एक आतेबहीण तिथे असते. पाच वर्षांपूर्वी ती येऊन गेली तेव्हा आजींनी तिच्या पिशवीत मूठभर बी घातले होते, आणि घातल्याचे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात नव्हते. तिने ते कुंपणाला लावले. शेजारच्या गुजराती बाई त्याला वालोळ म्हणतात आणि उंधियोसाठी शेंगा नेतात. आमचे पत्र गेले आणि आठ दिवसांत हिंगाच्या डबीत भरून चौऱ्याहत्तर दाणे आले. तेव्हापासून आजींनी घरात एक नियम घालून दिला आहे: कोणत्याही बियाण्याचे तीन वाटे करावयाचे. एक पेरावयाचा, एक गाडग्यात ठेवावयाचा, आणि एक गावाबाहेर पाठवावयाचा. शेजारी दिलेले पुरत नाही, कारण आमच्यावर पडतो तोच पाऊस शेजाऱ्यावर पडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल-घेवड्यांच्या जाती घरोघरी हिंडून जमवल्या आणि त्यांची बँक केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या आजींनी वर्तमानपत्रातले चित्र कापून बियाण्याच्या फळीवर चिकटवले. बाईंनी जे डोंगरात केले, ते चार गावांत विखुरलेल्या एका कुटुंबाला लहान प्रमाणावर करता येण्यासारखे आहे. आपली घराणी तर पिढ्यान्पिढ्या विखुरलेलीच आहेत. लग्नकार्याला, मुंजीला, अस्थी घेऊन जाताना आपण एकमेकांच्या गावी जातोच. एका पुडीला जागा लागते ती किती?

पुडी कशी करावी एवढे सांगून थांबतो. कागदाची असावी, प्लॅस्टिकची नको, कारण राहिलेली ओल कागदातून निघून जाते. वर भाजीचे मराठी नाव, खाली त्या त्या गावचे नाव, फळ धरल्याचे साल, आणि बी कोणाच्या घरून आले ते लिहावे. आमच्याकडे हे लिहिण्याचे काम नातीकडे आहे. तिचे मराठी लेखन वर्षातून एवढेच होते, म्हणून आम्ही पुड्या थोड्या जास्तच करवून घेतो. यंदा बडोद्याला चुका आणि लाल माठ जात आहे. हैदराबादला घेवडा, तिथे चुका पाठवणे म्हणजे थट्टा होईल. ग्वाल्हेरला पडवळ, आणि सोबत चिठ्ठी की पहिला पाऊस नीट पडून माती थंडावल्याशिवाय पेरू नये. ग्वाल्हेरच्या पुडीत बिया अकराच आहेत. यंदा वाट्याला तेवढ्याच आल्या.